दोष कुणाच्या पदरात?

मूल जन्मतःच बहिरं असतं. आठ-दहा वर्षांचं झालं की दिवेलागणीला अडखळू लागतं. आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेच्या कडा मिटत जातात आणि नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढंच दिसतं. या विकाराला ‘अशर सिंड्रोम’ म्हणतात. त्याचे आणखीही प्रकार आहेत. काहींत ऐकू थोडंफार येतं, अंधत्व उशिरा येतं. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. वैद्यकात माझा अधिकार नाही. पण या विकाराचा इतिहास वाचताना एक प्रश्न मनातून जाईना. घरात असं मूल जन्मलं, तर दोष कुणाच्या पदरात घालायचा?

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण जगापुढं मांडलं आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा डॉक्टरांना नीट दिसू लागला. १८५८ साली बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी बहिरेपणा आणि या पडद्याचा विकार एकाच कुटुंबात आढळल्याची नोंद केली. १८६१ मध्ये लीब्राइश यांनी बर्लिनमधल्या बहिऱ्या माणसांचे डोळे तपासले. हा जोडविकार भावंडांत आणि नात्यातल्या लग्नांतून झालेल्या मुलांत आढळतो, हे त्यांनी टिपलं. पुढं स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांनी १९१४ साली वंशावळी मांडून त्याच्या आनुवंशिकतेवर भर दिला. विकाराला त्यांचंच नाव मिळालं.

वंशावळ मांडणं हे तसं निरुपद्रवी काम. पण तो कागद कुणाच्या हाती पडतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांची आई आणि पत्नी, दोघीही बहिऱ्या. तरीही १८८३ मध्ये त्यांनी बहिऱ्यांच्या आपसांतल्या लग्नांविषयी धोक्याची सूचना देणारा निबंध वाचला. १९३३ साली तर हिटलरच्या जर्मनीनं कायदाच केला. सक्तीनं नसबंदी करण्याच्या यादीत आनुवंशिक अंधत्व आणि आनुवंशिक बहिरेपणा दोन्ही होते. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली, असा अंदाज आहे.

खरं उत्तर १९९५ साली हाती येऊ लागलं. या विकाराशी निगडित असलेलं एक जनुक सापडलं. त्या जनुकाचं प्रथिन कानातल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशींनाही लागतं आणि डोळ्याच्या पडद्यालाही. म्हणून एका बिघाडानं दोन दरवाजे बंद होतात. त्यानंतर अशी आणखी जनुकं सापडली. बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच विकार होतो. आईबाप दोघंही स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक खेपेला बाधित मूल होण्याची शक्यता चारांत एक.

अमेरिकेतल्या लुइझियानात या विकाराची काही घराणी आहेत. त्यांचे अकेडियन पूर्वज फ्रेंच बोलणारे. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना आजच्या कॅनडातून हुसकावलं. मूठभर माणसं परक्या मुलखात वसली, सोयरीक आपसांतच होत राहिली, आणि कुणा जुन्या पूर्वजाकडचा एक बदल पिढ्यान् पिढ्या उतरत आला. यात पाप कुणाचं?

आमच्या समाजात चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात. महाराष्ट्रात अनेक हिंदू घरांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा नात्यांत एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. हे स्पष्ट सांगायला हवं, आणि लग्नाआधी सल्लाही घ्यायला हवा. पण नात्यात नसलेल्या जोडप्यांनाही अशी मुलं होतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

आपल्याकडे मात्र दोष सुनेच्या माथी मारला जातो. ‘हिच्याच माहेरचं काहीतरी,’ म्हणून बाई परत पाठवली जाते. हिशेब तर दोन्ही घरांचा असतो. आणि या भांडणात मुलाचा वेळ जातो. अंधत्व थांबवणारा खात्रीचा इलाज अजून नाही. पण जनुकचाचणीनं विकार लवकर कळतो, कॉक्लिअर इम्प्लांटनं ऐकू येऊ शकतं, नजर शाबूत आहे तोवर भाषा शिकवता येते. बहिऱ्या मुलाचे डोळेही वेळीच तपासून घ्या. दोष शोधण्यापेक्षा ते अधिक गरजेचं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)