एक वंशावळ आणि एक प्रथिन

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहाची कलमे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. पण रोगांनाही इतिहास असतो, आणि कधी कधी तो एखाद्या घराण्याच्या वंशावळीतच सापडतो. अशाच एका वंशावळीची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

ही हकीकत न्यूझीलंडमधली. तेथील मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. त्यांच्यातील एका मोठ्या गोतावळ्यात पिढ्यान्‌पिढ्या जठराच्या कर्करोगाने माणसे जात होती. तीस वर्षांत पंचवीसहून अधिक माणसे गेली; त्यांत अवघ्या चौदा वर्षांचेही एक मूल होते. १९६४ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात या घराण्याची नोंद छापून आली, पण कारण उलगडले नाही. घराण्याला कुणाचा तरी शाप आहे, असेही काही नातेवाईक मानीत.

पुढे १९९० नंतर घरच्याच माणसांनी पुढाकार घेतला आणि ओटॅगो विद्यापीठातील संशोधक पॅरी गिलफोर्ड यांच्याशी ते जोडले गेले. माओरी लोक आपली वंशावळ मोठ्या निष्ठेने जपतात. तिला ते ‘फाकापापा’ म्हणतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाची नोंद असते ना, तशीच ही ठेव समजा. कोण कुणाचा मुलगा, कोण कशाने गेला, हे कुटुंबाने सांगितले. रक्ताचे नमुनेही दिले. त्यावरून १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात उत्तर प्रसिद्ध झाले. दोष होता ‘ई-कॅडहेरिन’ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात. जनुक म्हणजे प्रथिन कसे घडवावे याची आईबापांकडून आलेली आज्ञा.

आता हे प्रथिन करते तरी काय? दगडी भिंतीत चुना जे काम करतो, तेच. एका पेशीला ते शेजारच्या पेशीशी धरून ठेवते. अशी प्रथिने जपानमध्ये क्योटो येथे ताकेइची यांनी १९७७ च्या सुमारास ओळखली होती. चुना सुटला की दगड निखळतात. तशाच या रोगात पेशी एकेकट्या सुटून जठराच्या अस्तराखाली पसरतात. गाठ दिसत नाही, वरचे अस्तर शाबूत असते. म्हणून दुर्बिणीने आत पाहूनही डॉक्टर फसतात.

या शोधाचे मोल येथे आहे. सदोष जनुक आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडे असेल, तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. रक्ततपासणीने ते कळते. ज्याला ते मिळाले नाही, तो आणि त्याची पुढची पिढी त्या भयातून सुटली. ज्याला मिळाले, त्याच्यापुढे मात्र मोठा पेच. खात्रीचा उपाय एकच: रोग होण्यापूर्वीच संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडणे. मग जन्मभर थोडे थोडे खावयाचे, बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून घ्यावयाचे. शिवाय असे जनुक असलेल्या प्रत्येकालाच कर्करोग होतो असेही नाही. पुढील अभ्यासांत हा धोका पहिल्या अंदाजापेक्षा कमी आढळला. धडधाकट माणसाने जठर द्यावयाचे, हा निर्णय सोपा कसा असेल? पण अशा रीतीने काढलेल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या अनेक जठरांत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाचे बारीक ठिपके सापडले, हेही खरे. अशा घराण्यांतील स्त्रियांना स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचाही धोका असतो.

म्हणून घाबरून जाऊ नका. जठराच्या शंभर कर्करोगांत या जातीचे एक ते तीनच असतात. पण आपल्या रक्ताच्या नात्यात दोघांतिघांना, त्यातही तरुण वयात, हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आणि शिक्षकबंधूंनो, मुलांना इतिहास शिकवताना एक काम जरूर द्या. घरातील आजी-आजोबांजवळ बसून, कोण कोणत्या वयात आणि कशाने गेले, हे त्यांना वहीत उतरवून घेऊ द्या. त्या माओरी कुटुंबाचे प्राण वाचवण्याची सुरुवात अशाच माहितीतून झाली.