तीन देशांचे एक विद्यापीठ

जून १९६३ हा पूर्व आफ्रिकेच्या इतिहासातला मोठ्या आशेचा महिना. ५ जूनला नैरोबीत न्येरेरे, केन्याटा आणि ओबोटे या तीन नेत्यांनी टांगानिका, केनिया आणि युगांडा यांचे संघराज्य वर्षअखेरीपर्यंत स्थापण्याचा संकल्प जाहीर केला. २८ जूनला याच तीन देशांच्या सामायिक पूर्व आफ्रिका विद्यापीठाचे उद्घाटन झाले. संघराज्य कधीच झाले नाही. विद्यापीठ सात वर्षे चालले आणि मग तेही विभागले गेले. ते का टिकले नाही, याचे उत्तर त्याच्या कारभाराच्या रचनेत सापडते.

विद्यापीठाची घटक महाविद्यालये तीन होती. कंपालाचे मकेरेरे सर्वांत जुने, १९२२ मध्ये तांत्रिक शाळा म्हणून सुरू झालेले. नैरोबीच्या महाविद्यालयात तिथल्या भारतीयांनी निधी उभारून योजलेली गांधी स्मारक अकादमी १९५४ मध्ये सामावली गेली होती. दार-ए-सलामचे महाविद्यालय १९६१ मध्ये विधी शाखेने सुरू झालेले, सर्वांत धाकटे. तोवर तिन्ही ठिकाणी पदवी मिळे ती लंडन विद्यापीठाची.

नव्या विद्यापीठाचे कुलपती झाले न्येरेरे, मकेरेरेचेच माजी विद्यार्थी. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःचे नियामक मंडळ होते. पदव्या आणि अभ्यासाचा दर्जा यांवर मात्र मध्यवर्ती मंडळांची देखरेख होती. खर्चिक शाखांची वाटणी हा सर्वांत नाजूक विषय. वैद्यक आणि शेती मकेरेरेकडे, अभियांत्रिकी आणि पशुवैद्यक नैरोबीकडे, कायदा दार-ए-सलामकडे. गरीब देशांनी तीन-तीन वैद्यकीय महाविद्यालये कशाला काढायची, हा विचार शहाणपणाचाच होता.

अडचण निराळीच होती. निर्णय सामायिक, पण महाविद्यालयांच्या खर्चाचा मुख्य भार त्या त्या सरकारवर. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला डॉक्टर हवे होते ते आजच. आपल्या मुलांना वैद्यकीच्या किती जागा मिळणार, हे परक्या राजधानीत ठरावे, हे कोणत्या मंत्र्याने आपल्या मतदारांना पटवून द्यावे? १९६७ मध्ये नैरोबीत स्वतंत्र वैद्यकीय शाखा सुरू झाली आणि वाटणीचा आधारच ढासळला. १९७० च्या जुलैपासून मकेरेरे, नैरोबी आणि दार-ए-सलाम ही तीन राष्ट्रीय विद्यापीठे झाली.

याला केवळ संकुचित राष्ट्रवाद म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. मध्यवर्ती मंडळाला नकार देण्याचा अधिकार होता. नकारामुळे होणारी तूट भरून काढण्याचे साधन नव्हते. ज्याला 'थांबा' म्हणायचे, त्याच्या हाती तोवर काय ठेवायचे, याची तरतूद घटनेत असावी लागते.

विभाजनानंतर तिन्ही विद्यापीठांत समन्वयासाठी एक आंतरविद्यापीठ समिती उरली. तिच्या परंपरेतली परिषद आजही कंपालातून काम करते. तिचे अधिकार जुन्या विद्यापीठापेक्षा कमी आहेत, आयुष्य मात्र कितीतरी जास्त.