शब्दवेध : बॉस

ऑफिसात साहेबाच्या पाठीमागे आणि पानटपरीवर अनोळखी माणसाच्या तोंडावर आपण सारख्याच सहजतेने वापरतो तो ‘बॉस’ मुळात डच. ‘बास’ म्हणजे मालक, मुकादम. हडसनकाठच्या डच वसाहतींतून तो अमेरिकी इंग्रजीत शिरला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गोऱ्या मजुराला ‘मास्टर’ म्हणणं नकोसं झालं. ते गुलामांनी म्हणायचं. मग ‘बॉस’. हुकूम तोच, फक्त मान ताठ!

मार्क ट्वेनने १८८९च्या कादंबरीत कनेटिकटचा एक कारागीर थेट आर्थर राजाच्या दरबारात धाडला. जहागिरी-किताबांपेक्षा लोकांनी बहाल केलेली ‘द बॉस’ ही पदवी त्याला प्यारी. हा पठ्ठ्या सरदारांच्या अंगावर साबणाच्या जाहिराती लटकवतो. अमेरिकी महत्त्वाकांक्षेची इतकी खट्याळ तसबीर मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

त्याआधीच न्यूयॉर्कच्या ट्वीड नावाच्या पुढाऱ्याने याच शब्दाला लाचखोरीचा वास लावला होता. आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन? आडनाव डच, गाणी कामगारांची. सुरुवातीच्या काळात क्लबातून मिळालेले पैसे तो बँडमधल्या सोबत्यांना वाटायचा, म्हणून ‘द बॉस’. मालक या जातीचीच चीड असल्याने त्याला हे नाव आवडलं नाही. चाहते कुठले ऐकायला!