कार्यकारण-चक्राकृती

गुंतागुंतीच्या व्यवस्थेतील घटक परस्परांवर कसा परिणाम करतात आणि तो परिणाम फिरून मूळ घटकापर्यंत कसा पोचतो, हे बाणांनी दाखविणारी आकृती. जे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेत पाया घातलेल्या प्रणाली-गतिकी या शास्त्रात ती वापरतात.

दोन घटक एकाच दिशेने बदलत असल्यास बाणावर अधिक, उलट दिशेने बदलत असल्यास उणे चिन्ह देतात. चक्रात उणे चिन्हे सम असली किंवा मुळीच नसली, तर बदल वाढत जातो. विषम असली, तर चक्र त्याला आवर घालते.

भूजलाचेच पाहा. पातळी खालावली की शेतकरी आणखी खोल बोअर घेतात (उणे), त्यामुळे उपसा वाढतो (अधिक) आणि पातळी आणखी खालावते (उणे). उणे दोन, म्हणून घसरण थांबत नाही. प्रत्येक शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता रास्त असूनही सारे गाव कोरडे पडते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी घातली आणि पाण्याच्या ताळेबंदावरून पिके ठरवली. म्हणजे पाणी कमी, तर उपसाही कमी: आवर घालणारे चक्र.

या आकृतीतून परिणामाची दिशा कळते, परिमाण नाही. त्यासाठी साठा व प्रवाह यांचे गणिती प्रारूपच करावे लागते.