पायाखालची नावं

वसईच्या किल्ल्यात मी पहिल्यांदा गेलो ते फोटो काढायला. कॉलेजचे दिवस होते. वसई रोडला उतरायचं, पश्चिमेला येऊन किल्ल्याकडे जाणारी बस किंवा रिक्षा पकडायची, एवढाच बेत. पडक्या चर्चच्या कमानीतून सकाळी ऊन कसं येतं हे आम्ही इन्स्टावर पाहिलेलं होतं. मित्र म्हणाला, "थोडा मागे सरक." मी सरकलो आणि चपलेखाली काहीतरी खडबडीत लागलं. खाली पाहिलं तर अक्षरं होती. रोमन लिपीतली, झिजलेली, अर्धी मातीखाली. मी एका कबरीवर उभा होतो.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. फोटोत कमान दिसते, मी दिसतो. कबर दिसत नाही.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मोठं शहर होतं. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा वेगवेगळ्या पंथांची चर्च आणि मठ उभे राहिले. त्या काळी मातब्बर घराण्यातल्या माणसाला चर्चच्या फरशीखाली पुरायची पद्धत होती. वर दगडी शिळा बसवायची आणि तिच्यावर मजकूर कोरायचा. मजकूर बहुतेक ठरलेला असे: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. म्हणजे जागा एका माणसाची नव्हती, पुढच्या पिढ्यांसाठीही राखून ठेवलेली होती. १८७६ साली जे. जर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात यातले अनेक लेख वाचून नोंदवून ठेवले. या शिळा निनावी नाहीत. आपल्याला त्यांची भाषा येत नाही, एवढंच.

मग १७३९ आलं. चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईला वेढा घातला. तटाखाली सुरुंग लावले, खिंडारातून पुन्हा पुन्हा हल्ले केले आणि मे महिन्यात किल्ला घेतला. शरण आलेल्या पोर्तुगीजांना तहाप्रमाणे सन्मानाने बाहेर पडू दिलं गेलं. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा प्रसिद्धच आहे. वाईजवळच्या मेणवलीतल्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशू आजही दिसतात. घंटा गेल्या, कबरी मात्र राहिल्या. ज्या वारसांसाठी जागा राखली होती, ते बोटीत बसून निघून गेले.

या लढाईत मराठ्यांची हजारो माणसं पडली. त्यांच्या नावाची शिळा कुठल्याच फरशीत नाही. आज किल्ल्यात चिमाजी आप्पांचं स्मारक आहे, पुतळा आहे. तिथे हार घातले जातात, घोषणा दिल्या जातात. आप्पा स्वतः डिसेंबर १७४० मध्ये वारले आणि त्यांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ आहे. म्हणजे वसईत जिथे देखावा आहे तिथे कोणी पुरलेलं नाही, आणि जिथे माणसं पुरलेली आहेत तिथे आपण फोटोसाठी पोझ देतो.

मग प्रश्न पडतो: जिथे माणसं कायमची विसावली आहेत तिथे काही मांडावं का? पुतळा, प्रतिकृती, दिवे, शूटिंग, यातलं काय चालेल आणि काय नाही?

हा प्रश्न फक्त वसईचा नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, बरबँक विमानतळाला लागून व्हलहाला नावाची दफनभूमी आहे. तिच्या १९२४ साली बांधलेल्या घुमटाकार प्रवेशद्वाराला १७ डिसेंबर १९५३ रोजी, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, विमानविद्येच्या आद्य प्रवर्तकांचं स्मारक म्हणून अर्पण करण्यात आलं. 'मिटलेल्या पंखांचं दार' असं त्याचं नाव. त्याच्या फरशीत ज्यांच्या नावाच्या पाट्या आहेत त्यांत एक चार्ल्स टेलर. राइट बंधूंच्या सायकल दुकानातला हा मेकॅनिक. १९०३ च्या विमानाचं इंजिन त्याने सुमारे सहा आठवड्यांत बनवलं. म्हातारपणी हलाखीत दिवस काढून १९५६ मध्ये तो गेला. जगाला राइट बंधू माहीत आहेत, टेलर फारसा कोणाला माहीत नाही.

याच स्मारकाजवळ स्पेस शटलची एक प्रतिकृती उभी आहे. १९८६ मध्ये चॅलेंजर आणि २००३ मध्ये कोलंबिया कोसळलं, त्यातल्या चौदा अंतराळवीरांच्या आठवणीत. त्यांत आपली कर्नालची कल्पना चावलाही आहे. यांपैकी कोणीही तिथे पुरलेलं नाही. मग दफनभूमीत शटल कशाला? मेलेल्यांच्या अंगणात जत्रा भरवल्यासारखं नाही का हे?

मला आधी तसंच वाटलं होतं. नंतर टेलरचा विचार केला. शटल बघायला आलेलं एखादं पोर शेजारच्या घुमटाखाली जाईल, खाली वाकून पाटी वाचेल, आणि पहिलं इंजिन बनवणाऱ्याचं नाव त्याला कळेल. असं होत असेल तर ती प्रतिकृती तिथे शोभते. तिच्याकडे बघून लोक फोटो काढून परत फिरत असतील, तर ती कितीही भव्य असली तरी चुकीच्या जागी आहे. माझ्यापुरती कसोटी एवढीच: मांडलेली वस्तू नजर नावाकडे नेते की नावावरून हटवते?

देखावा म्हणजे अनादर, असं वसईला तरी कोणी सांगू नये. दरवर्षी २ नोव्हेंबरला इथल्या गावोगावच्या दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी उजळतात. घरची माणसं कबर धुतात, सजवतात, तिच्यापाशी उभी राहून प्रार्थना करतात. दिव्यांचा एवढा थाट असतो, पण प्रत्येक दिवा कोणाच्या तरी नावापाशी असतो. किल्ल्यातल्या कबरींना असे घरचे कोणी उरले नाहीत.

म्हणून मला प्री-वेडिंगला आलेल्या जोडप्यांवर डाफरावंसं वाटत नाही. कोल्डप्लेच्या गाण्यातही हा किल्ला दिसला, ते पाहून अजून लोक आले, त्यांनाही नावं ठेवायची नाहीत. अनादर करायलासुद्धा आधी माहिती लागते. मला ती नव्हती. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, शूटिंगला परवानगी लागते. पण कॅमेऱ्याला परवानगी दिल्याने किंवा नाकारल्याने पायाखालचा दगड वाचता येत नाही.

वसईला हवा तो देखावा अगदी साधा आहे. प्रत्येक शिळेशेजारी तिचा मजकूर मराठीत. शिळेवर पाय पडू नये म्हणून बाजूने जाणारी पायवाट. आणि चिमाजी आप्पांच्या पुतळ्याजवळ, त्यांच्यासाठी लढून पडलेल्या ज्या माणसांची नावं जुन्या कागदपत्रांत सापडतील त्यांची यादी. पोर्तुगीजांची नावं वाचली म्हणून मराठ्यांचा विजय उणा होत नाही. उलट, ज्यांच्याशी लढलो तीही नावागावाची माणसं होती हे कळलं, की लढाईचं मोल जास्त कळतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा त्या चर्चमध्ये गेलो. शिळेवर शेवाळ होतं. बसून हाताने थोडं बाजूला केलं, तेव्हा चार-पाच अक्षरं लागली. पूर्ण नाव काही लागलं नाही. मागे एक मुलगी फोटोसाठी उभी राहत होती. मी म्हटलं, "ताई, जरा जपून, खाली कबर आहे."

ती दचकून बाजूला झाली. मग मोबाइल खिशात टाकून माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "कोणाची?"

ते मला तिला सांगता यायला हवं होतं.