चहाचा पहिला पेला



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी इतिहास शिकविताना राजांच्या सनावळीबरोबर बाजारभावही विचारीत. म्हणून आजच्या विषयासाठी मी एक बाजारी प्रश्न निवडला आहे. नव्या वस्तूसाठी माणसे रांग का लावतात?

रॉकेलच्या आणि रेशनच्या साखरेच्या रांगांत आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले. ती गरजेची रांग होती. हौसेची रांग निराळी. ऑक्टोबर 2012 मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलपाशी स्टारबक्स या अमेरिकी कंपनीचे भारतातील पहिले दुकान उघडले, तेव्हा लोक बराच वेळ ताटकळत उभे राहिले. कॉफी काही मुंबईला नवी नव्हती. उडप्याकडे ती विनासायास मिळत होती. मग ते कशासाठी थांबले?

उत्तर शोधताना मला चहाची आठवण होते. आसामात चहाचे मळे 1830 नंतर उभे राहिले, परंतु तो माल विलायतेसाठी होता. आपल्याकडे चहा पिणे ही साहेबी चाल समजली जाई. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेत चहा-बिस्किटे देण्यात आली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतले. वाद चहापेक्षा तो कोणाच्या हातचा, याचा होता. तरीही मला गमतीने वाटते की, त्या यादीएवढी चहाची जाहिरात दुसऱ्या कोणी केली नसेल. पुण्यातील मातब्बर मंडळी काय घेतात, हे घरोघर कळले!

पुढे हे काम पद्धतशीर सुरू झाले. 1903 च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार होऊ लागला. 1930 नंतरच्या मंदीत विलायतेतील मागणी पुरेना, तेव्हा देशातील गिऱ्हाइकाकडे मळेवाल्यांचे खरे लक्ष गेले. प्रचारक बाजारांत, गिरण्यांत, रेल्वेस्थानकांवर लोकांसमोर चहा करून दाखवीत, पेला फुकट देत आणि पैशाला एक पुडी विकत. येथे जमाव हाच विक्रेता असतो. 1968 साली स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आपली माणसे उभी करून एका खिडकीकडे पाहावयास लावले. एकच माणूस वर पाहत असताना 100 पैकी 4 वाटसरू थांबले. 15 जण पाहत असताना 40 थांबले. खिडकीत विशेष असे काहीच नव्हते.

मात्र अनुकरणाने सारे उलगडते, असे मी म्हणणार नाही. अनुकरण पहिला पेला पाजते. दुसरा पेला तरतरी, गोडवा आणि अर्धपोटी माणसाची भूक मारण्याची शक्ती पाजते. पुढे यंत्रावर चुरलेल्या बारीक दाण्याच्या चहाने थोड्या पत्तीत अधिक कप निघू लागले आणि तो गरिबाच्या खिशाला परवडला. हौसेची रांग अशी गरजेच्या रांगेत मिसळली.

आपल्या आदिलाबादकडील मराठी खेड्यांत हे उशिरा घडले. माझ्या आजीला चहा पाहुण्यापुरता ठाऊक होता. गूळ घालून केलेला चहा तिला कमीपणाचा वाटे, कारण साखरेचा चहा ही शहराची खूण होती. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेत आम्ही मुले प्रथम चहाच्या पालाकडे धावत असू. घरचा चहा अधिक चांगला असे. पण घरी गर्दी नव्हती.

उलट मोहफुलांसाठी मी कधी रांग पाहिली नाही. गोंडांच्या घरी ती अन्नच होती आणि आम्ही, सांगण्यास संकोच वाटतो, त्या फुलांना दारूच्या वासावरूनच ओळखत होतो. आता उटनूरला आदिवासी महिला त्याच फुलांचे लाडू करून विकतात. गेल्या चैत्रात माझ्या नातीने त्यांचा एक डबा कौतुकाने घरी आणला. एका मैत्रिणीकडे तो पाहिल्यापासून तिला हवा होता. आमच्या बांधावरच्या मोहाखाली त्याच आठवड्यात फुलांचा सडा पडला होता आणि तो वेचावयास कोणी आले नव्हते.