नागीण, वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश : एका वैद्यकीय विचाराचा इतिहास

चेतासंस्थेचे विकार आणि रोगप्रतिकारशक्ती हे दोन विषय वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ स्वतंत्रपणे अभ्यासले गेले. १९४८ मध्ये पीटर मेदावार यांनी सशांच्या मेंदूत परक्या त्वचेचे तुकडे रोपण केले आणि ते टिकून राहिल्याचे दाखविले. मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेरचा अवयव आहे, ही समजूत त्यामुळे दृढ झाली. वस्तुतः सशाच्या शरीरावर आधी तशाच त्वचेचे रोपण केलेले असल्यास मेंदूतील तुकडाही नष्ट होतो, हेही त्याच प्रयोगात आढळले होते. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. परिणामी वार्धक्यात क्षीण होणाऱ्या प्रतिकारशक्तीचा मेंदूच्या रोगांशी संबंध असू शकेल काय, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. या प्रश्नाच्या इतिहासात नागीण या सर्वपरिचित व्याधीचे स्थान महत्त्वाचे आहे.

नागिणीचे तोंड व शेपूट एकत्र आले की रोगी वाचत नाही, हा समज मराठी समाजात जुना आहे. प्रत्यक्षात हा पट्टा सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही, कारण तो एका बाजूच्या संवेदी चेतातंतूच्या क्षेत्रापुरता मर्यादित असतो. १९०० मध्ये हेन्री हेड व ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी २१ रुग्णांच्या शवविच्छेदनावरून मज्जारज्जूलगतच्या चेतागंडिकांतील विकृती दाखवून दिली. तत्पूर्वी १८९२ मध्ये बुडापेस्टचे यानोश बोकाय यांनी नागिणीच्या रुग्णाच्या सहवासातील मुलांना कांजिण्या झाल्याचे नोंदविले होते. विषाणू एकच होता. मात्र बालपणी बरा झालेला रोग उतारवयात वेगळ्या रूपाने का परततो, याचे उत्तर मिळालेले नव्हते.

ते उत्तर इंग्लंडमधील सायरनसेस्टर या छोट्या गावात व्यवसाय करणारे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये मांडले. सुमारे ३,५०० लोकवस्तीत १६ वर्षांत आढळलेल्या १९२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या होत्या. दहा वर्षांखालील मुलांत नागिणीचे वार्षिक प्रमाण हजारी ०.७४, तर ऐंशी ते एकोणनव्वद या वयोगटात १०.१ होते. विषाणू चेतागंडिकेत सुप्त राहतो, प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते आणि ती एका मर्यादेखाली उतरली की तो पुन्हा जागा होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. रुग्णांची चिकाटीने ठेवलेली नोंदवही हेच त्यांचे मुख्य साधन होते.

हा उतार का होतो, याचा एक धागा त्याच दशकात हाती आला. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी थायमस ग्रंथीचे प्रतिकारशक्तीतील कार्य उघड केले. ही ग्रंथी तारुण्यानंतर आकसत जाते. १९६९ मध्ये रॉय वॉल्फर्ड यांनी वार्धक्याचा प्रतिकारशास्त्रीय सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. २००४ मध्ये त्यांचे निधन एएलएस या चेतापेशींच्या विकाराने झाले. योगायोगापलीकडे त्याला अर्थ देणे मात्र उचित नाही.

जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये विकसित केलेल्या कांजिण्यांच्या लसीतूनच पुढे नागिणीची लस आली. मुलांच्या लसीपेक्षा किमान चौदापट विषाणू तीत घालावा लागला, कारण वृद्ध शरीराची प्रतिक्रिया मंद असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८,५४६ व्यक्तींवरील चाचणीत साठ ते एकोणसत्तर या वयोगटात नागीण ६४ टक्क्यांनी, तर सत्तरीनंतर केवळ ३८ टक्क्यांनी घटली. प्रतिकारशक्तीचे वार्धक्य लसीच्या यशापयशातही असे दिसून आले.

लस घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो, असे काही पाहण्या सांगत होत्या. परंतु लस घेणारी माणसे मुळातच आरोग्याबाबत अधिक दक्ष असतात, हा आक्षेप रास्त होता. त्यावर मार्ग काढण्याची संधी वेल्समधील एका सरकारी नियमाने दिली. १ सप्टेंबर २०१३ पासून तेथे लस मिळू लागली, ती २ सप्टेंबर १९३३ रोजी वा नंतर जन्मलेल्यांनाच. त्याआधी जन्मलेले कायमचे वगळले गेले. या तारखेच्या एक आठवडा अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांत लस घेण्याचे प्रमाण अनुक्रमे ०.०१ व ४७.२ टक्के होते. एरवी त्यांच्यात भेद असण्याचे कारण नव्हते. पास्कल गेल्डसेट्झर व सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार लसीमुळे सात वर्षांत नव्याने स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण सुमारे एकपंचमांशाने घटले. हा परिणाम स्त्रियांत अधिक स्पष्ट होता.

या निष्कर्षाचे दोन अर्थ संभवतात. सुप्त विषाणू जागा न झाल्याने मेंदूचे रक्षण झाले असेल, किंवा जिवंत विषाणूच्या लसीने थकलेल्या प्रतिकारशक्तीलाच व्यापक चालना दिली असेल. त्यानंतर आलेल्या नव्या लसीत जिवंत विषाणू नाही; विषाणूचे एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला चेतविणारे सहायक द्रव्य आहे. सत्तरीनंतरही ती सुमारे ९० टक्के प्रभावी ठरली. तिच्यामुळे स्मृतिभ्रंश जुन्या लसीहून अधिक काळ लांबतो, असे २०२४ मधील अमेरिकी नोंदींवरील अभ्यासात दिसले. पण ते श्रेय विषाणू अधिक चांगला रोखण्याचे की सहायक द्रव्याचे, याचा उलगडा या तुलनेतूनही होत नाही.